पंचेचाळिशीनंतरचा गिअर

साठीच्या आसपासच्या माणसाने पहाटे साडेचारला हेल्मेट चढवून सायकल बाहेर काढली, की आपल्याकडे दोन पक्ष बोलायला लागतात. एक म्हणतो, ‘वयाला शोभेल असं काही करा.’ दुसरा टाळ्या वाजवत म्हणतो, ‘वय हा नुसता आकडा आहे!’ पहिल्याशी भांडण जुनंच आहे. दुसऱ्याशी कुणी भांडत नाही, म्हणून तो अधिक सोकावला आहे.

आधी पहिला. याचा मूळपुरुष शोधायचा तर फ्रान्समध्ये जावं लागेल. १९०३ साली तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारा संपादक आंरी देग्रांज हा तो गृहस्थ. त्याच्या आदल्या वर्षी एका चाचणीत मार्थ हेस या बाईंनी तीन गिअरची सायकल डोंगराळ वाटेवर कुठेही पाय न टेकता चालवून दाखवली आणि बिनगिअरच्या सायकलवरच्या एका नामवंत शर्यतपटूला मागे टाकलं. त्यावर देग्रांजने लिहिलं, की असले बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक. खरा विजय स्नायूंच्या जोरावरचा. स्वतः देग्रांज तेव्हा सदतीस वर्षांचा होता, म्हणजे आठ वर्षांची सोय राखूनच बोलला. तूरमध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली १९३७ मध्ये, शर्यतीची सूत्रं त्याच्या हातून गेल्यावर. आज खंबाटकीचा घाट चढताना पंचविशीतला पोरगाही सगळ्यात हलका गिअर टाकतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. शोभण्याची व्याख्या एका पिढीत उलटीपालटी होते. तिच्या आधाराने कुणाला घरी बसवणं हा युक्तिवाद नव्हे, नुसता दरारा आहे.

देग्रांजशी या वादात ज्याने उभा दावा मांडला तो माणूस लोकांना टोपणनावानेच ठाऊक आहे. पॉल द व्हिव्ही हे कागदोपत्री नाव. सगळं जग त्याला ‘व्हेलोसिओ’ म्हणे. सँ-एतिएन गावचा रेशमाचा व्यापारी, विशी सरत आल्यावर सायकलला लागला आणि १९३० मध्ये शहात्तराव्या वर्षी रस्त्यावर ट्रामची धडक बसून गेला, तेव्हाही सायकल सोबत होतीच. त्याने लांब पल्ल्याच्या चालकांसाठी काही नियम घालून दिले: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थकण्याआधी थांबा, हे त्यांतले. सगळ्यात शेवटचा मात्र शरीराबद्दल नाहीच. नुसत्या अहंकारापोटी पॅडल मारू नका, असा तो आहे. उतारवयातल्या सायकलबाजीवर ‘ही सगळी फोटोंसाठीची हौस’ असा आरोप होतो, त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच आतल्याच माणसाने देऊन ठेवलं आहे. आरोप कधी कधी खराही असतो. लाखाची सायकल आणि दीड किलोमीटरचा उत्साह असे नमुने प्रत्येक सोसायटीत सापडतात. पण तेवढ्यावरून उरलेल्यांना निकालात काढता येत नाही.

मग येतात गुडघे. ‘गुडघ्यांची वाट लागेल’ हे वाक्य सांगणाऱ्याने बहुधा स्वतःचे गुडघे टीव्हीसमोर बसून घालवलेले असतात. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट झेलते, त्यामुळे धावण्यात बसतो तसा दणका गुडघ्यांना बसत नाही. दुखणं उद्भवलं तर पुष्कळदा सीट खाली राहिलेली असते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि बायकांना साडेपाच तासांत ६० किलोमीटर जमतात, अशांचीच निवड केली होती. त्यांच्या स्नायूंची झीज वयाच्या हिशेबाने झालेली दिसली नाही, आणि थायमस ग्रंथीतून नव्या टी-पेशी तरुणांइतक्याच बाहेर पडत होत्या. मुळात टिकलेल्यांनाच निवडलं होतं, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. सायकलने हाडं मजबूत होत नाहीत, त्यासाठी वजनं उचलावी लागतात. वर्षानुवर्षं अफाट अंतरं मारणाऱ्या खेळाडूंमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला आढळतो. सर्वांत खरा आक्षेप तर डॉक्टरांचा नाहीच, महामार्गाचा आहे: कडेची पट्टी अचानक संपते, उलट्या बाजूने दुचाकी येते, रात्री ट्रकचे प्रखर दिवे डोळ्यांत घुसतात. आजोबांची काळजी असणाऱ्यांनी आजोबांची सायकल लपवण्याऐवजी त्या पट्टीसाठी एखादा अर्ज करावा.

आता दुसरा पक्ष. याचा लाडका दाखला रोबेर मार्शां या फ्रेंच वृद्धाचा. तरुणपणी एका प्रशिक्षकाने ‘तुझ्याच्याने काही व्हायचं नाही’ असं सांगितलेला हा माणूस शंभरी ओलांडून ट्रॅकवर उतरला. १०१ ते १०३ या वयात त्याची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सरावाने वाढल्याचं मोजलं गेलं. २०१४ मध्ये त्याने तासाभरात २६.९२७ किलोमीटर कापले. जानेवारी २०१७ मध्ये, १०५व्या वर्षी, २२.५४७. टाळ्या वाजवणारे दुसराच आकडा सांगतात आणि पहिला विसरतात. दोन्ही शेजारी ठेवले की तीन वर्षांत चार किलोमीटरांहून जास्त घट दिसते. वय नुसता आकडा असता तर हे आकडे हलले नसते. मार्शांचं मोठेपण वय नाकारण्यात नव्हतं. घटलेल्या अंतरासह पुन्हा चारचौघांत उतरण्यात होतं.

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर पुरं करण्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. पंचविशीला तेवढेच, पासष्टीला तेवढेच. ज्येष्ठांना सवलत नाही. क्रमांकही नाहीत. दहा तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांना सारखंच पदक. स्पर्धेत वयोगट पाडून म्हाताऱ्याला वेगळ्या रांगेत बसवतात, इथे तो त्याच रांगेत असतो. फक्त त्याला झोप जास्त लागते, रात्री खड्डा उशिरा दिसतो आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

तरी तो पुढच्या महिन्यात पुन्हा का येतो? पुरवण्यांचं उत्तर ठरलेलं: जिद्द. सोबत एकट्या माणसाचा घाटातला फोटो. हे मला धादांत खोटं वाटतं. थंडीत चार वाजता गजर वाजतो तेव्हा जिद्द पांघरुणातच असते. माणूस उठतो, कारण कोपऱ्यावरच्या बंद चहाच्या टपरीपाशी कुणीतरी ब्लिंकर लावून थांबलेला असतो आणि त्याला फोन करून ‘आज नको’ म्हणायची लाज वाटते. समोरून वारा असताना पुढच्याच्या चाकामागे राहिलं की बरीच ताकद वाचते. ती वाचवून देणारा मित्र आळीपाळीने बदलत राहतो. रात्री दीडला एटीएमच्या काचेआड, पोचल्याचा पुरावा म्हणून पावती काढताना, ‘आता डीएनएफ घेतो’, म्हणजे अर्ध्यातच सोडतो, असं म्हणणाऱ्याला कुणी प्रेरणादायी भाषण देत नाही. ‘पुढच्या ढाब्यावर घे, तिथे पिठलं मिळतं,’ एवढंच सांगतात. ढाब्यावर पोचेस्तोवर बेत बदललेला असतो.

या मैत्रीचं चलन म्हणजे टोपणनाव. यावरही नाकं मुरडली जातात: सत्तरीच्या माणसाला ‘पंक्चर’ काय म्हणता? म्हणतात, कारण त्याची ट्यूब एकदा भलत्याच ठिकाणी फुटली होती. त्या नावासमोर निवृत्त कार्यकारी अभियंता, माजी मुख्याध्यापक, शाखा व्यवस्थापक या पाट्या गळून पडतात. ‘साहेब, तुम्ही सावकाश या’ असं आदराने म्हणता येतं आणि साहेब मागे राहतात. ‘पंक्चर, चल रे’ म्हटल्यावर मागे राहायची सोय उरत नाही.

फ्रान्सने हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. रेमों पुलिदोर तूरमध्ये तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा; आघाडीवरच्याला मिळणारी पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर चढली नाही. १९६४ मध्ये जाक आंकतीलने त्याला अवघ्या ५५ सेकंदांनी हरवलं. तरीही लोकांनी लाडाने हाक मारली ती हरणाऱ्याला: ‘पूपू’. चाळिशीत, १९७६ साली, तो पुन्हा तिसरा आला. पुढे आंकतीलशी घट्ट मैत्री झाली. कर्करोगाने खंगलेला आंकतील शेवटी म्हणाला, ‘याही वेळी तू दुसराच येणार’, असं पुलिदोर सांगत असे. असं बोलण्याचा हक्क अनेक वर्षं एकमेकांचं चाक धरल्याशिवाय मिळत नाही.

सगळीच टोपणनावं मात्र खपवून घेऊ नयेत. ‘जाड्या’, ‘काळ्या’ ही नावं जन्मावर आणि अंगावर बोट ठेवतात, रस्त्यावरच्या करामतीवर नाही. ती मैत्रीच्या नावाखाली चालवणारे गट मी टाळतो. आणखी एक खोड पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळीकडे आहे: पुरुषाला त्याच्या पराक्रमाचं किंवा फजितीचं नाव मिळतं, पन्नाशीच्या बाईला सरसकट ‘काकू’. घाटात ‘काकू, दमलात का? थांबा!’ अशा हाका. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी त्या हाकेला ओ देणंच बंद केलं. मागून कुणी कितीही ओरडो, त्या घाटमाथ्यापर्यंत पाय टेकत नाहीत. हल्ली त्यांना ‘विनाथांबा’ म्हणतात.