पाटी नको, कडी हवी

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचे विठ्ठलवाडी हे पहिलेच स्थानक. या पट्ट्यातून दररोज मुंबईची वाट धरणाऱ्या कितीतरी भगिनी घरून निघताना पाणी पिण्याचे टाळतात. का, हे प्रत्येक स्त्री जाणते. पुरुषांना ते सांगावे लागते. आमच्या मंडळींत मात्र, मिस्सानंतरच्या गप्पांत, वेगळाच प्रश्न आवेशाने विचारला जातो : तृतीयपंथी व्यक्ती स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दारात आली, तर आमच्या लेकीसुनांनी काय करावे?

लेकीसुनांना आडोसा हवा, आणि तो त्यांचा हक्कच आहे. परंतु ही चिंता वाहणारे आजवर कोठे होते? पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ला तर उच्च न्यायालयात जावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. त्या वेळी आमच्यापैकी किती जणांनी तोंड उघडले?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना मान्यता देताना त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारण्यास सरकारांना सांगितले. प्रत्यक्षात काय? पुरुषांच्या बाजूस थट्टा व अंगचटी, स्त्रियांच्या बाजूस आरडाओरडा. मग त्या जिवाने जावे कोठे?

लिंगभावाची नवी विचारसरणी ख्रिस्तसभेस मान्य नाही, याकडे कोणी बोट दाखवील. ते खरेच आहे. परंतु एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने ज्या घोषणापत्रात ते सांगितले, त्याचे नावच मुळी मानवाच्या अनंत प्रतिष्ठेवर आहे. 'प्रेषितांची कृत्ये' उघडून पाहा. फिलिप इथिओपियाच्या षंढाच्या रथात चढून बसला आणि वाटेत पाणी लागताच त्याने त्याला बाप्तिस्मा दिला. ज्याला बाप्तिस्म्याचे पाणी नाकारले गेले नाही, त्याला हात धुण्याचे पाणी आम्ही नाकारावे?

उपाय साधा आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत एकच शौचालय स्त्रीपुरुष सारेच वापरतात. तेथे पाटी नसते, आतून कडी असते. स्त्रियांची जागा मोडा, असे आम्ही म्हणत नाही. ती वाढवा, आणि तिच्या शेजारी, कोणालाही वापरता येईल अशी चार पक्क्या भिंतींची एक खोली बांधा. तीत दिवा, नळ व मजबूत कडी असू द्या. शेजारच्या खोलीत कोण आहे, हा प्रश्नच उरणार नाही.

महापालिकेकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या आवारातील दारे पाहू या. तेथील किती कुलपे केवळ रविवारी निघतात? सणाच्या मंडपासाठी आणि बँडसाठी आम्ही वर्गणी काढतो. यंदा ती एका खोलीसाठीही काढू या. आणि तिला बाहेरून कुलूप घालू नये.