हमालाची पाठ आणि आमची सुई

ओवे, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला कंबरदुखीचे रुग्ण शोधावे लागत नाहीत. कोणी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहतो, कोणी गोदामात कंटेनर रिकामे करतो. बहुतेकांचे मागणे एकच असते. "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा, रात्री कामावर जायचंय."

आणि आम्ही मारतो. मीही वर्षानुवर्षे मारली आहे. डायक्लोफिनॅकच्या सुईने तासाभरात दुखणे दबते, माणूस त्याच रात्री पुन्हा गोणीखाली उभा राहतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून आपण चोराला दार उघडून देतो. शिवाय हे औषध वारंवार घेतले तर जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या हमालाला तर हा धोका अधिकच.

आता मूळ मुद्दा, ओझ्याचा. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथे वीस-पंचवीस टनांचा कंटेनर क्रेन सहज उचलते, माणसाचा हातही लागत नाही. तोच कंटेनर गोदामात उघडला, की आतली पोती अनेक ठिकाणी माणसाच्याच पाठीवर येतात. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले, भाजी आणि फळे १९९६ साली. जागा मोठी झाली, रस्ते रुंद झाले, पाठ तीच राहिली. पन्नास किलोंची गोणी आणि दिवसाला शंभर खेपा धरल्या तरी पाच टन होतात. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधल्या गाद्यांनी हे किती वर्षे सोसावे?

कै. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. त्याने हमालाला नोंदणी मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, मान मिळाला. ओझ्याचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. पन्नास किलोंपेक्षा जड गोणी उतरवणार नाही, म्हणून माथाडींनी येथे एकाहून अधिक वेळा काम बंद ठेवले आहे. तेव्हा 'बाजार वेठीस धरला' अशी ओरड झाली. डॉक्टर म्हणून मला ती मागणी कमीच वाटते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच ५५ किलो ही कमाल मर्यादा सुचवली होती. अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९१ साली सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलो हेच सुरक्षित वजन धरले. युरोपात सिमेंटची पिशवी सर्रास २५ किलोंची मिळते, तिथली घरे काही पडली नाहीत.

लहान गोणीने बारदानाचा खर्च वाढतो आणि तो शेवटी शेतकऱ्याच्या माथी मारला जातो, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च व्यापारी आणि आपण गिऱ्हाईक यांनी वाटून घ्यायला काय हरकत आहे? आज तो हमाल एकटाच भरतो, पंचेचाळिशीत घरी बसून.

'गुडघे वाकवून उचला' हा आमचा आवडता सल्ला इथे फारसा कामाचा नाही. गोणी दुसरे दोघे पाठीवर ठेवतात, हमाल ती उचलत नाही, झेलतो. तेव्हा पाठीवर ओझे असताना कंबर पिळू नका, वळायचे तर पाय वळवा. साधी कंबर धरली तर आठवडाभर अंथरुणात पडू नका. एक-दोन दिवस आराम करा, मग हळूहळू चालायला लागा, ओझे मात्र नको.

पण पायातली ताकद कमी झाली, चालताना पाऊल घसटू लागले, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सुई मागायला येऊ नका आणि कोणी देत असेल तर घेऊ नका. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असते. त्याच दिवशी, मग रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे इस्पितळ गाठा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा पुन्हा येईलच असे नाही.