दूध आटण्यापूर्वीचे दान

आज विजयादशमी. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रांची व अवजारांची पूजा झाली. पूर्वी या पूजेत नांगर, विळा, कोयता नि कुऱ्हाड असे. आता ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि मोटारगाडी यांनाही हळदकुंकू व झेंडूचा हार लाभतो. शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावी अंगणात धुऊन-पुसून उभी केलेली मारुती व्हॅन हे तर कित्येक वर्षांचे परिचित दृश्य. १९८४ साली ही गाडी बाजारात आली, पुढे ‘ओमनी’ या नावाने घराघरांत रुळली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. साऱ्या कुटुंबाला रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनास नेणारी, दौंडच्या स्थानकावरून पाहुणे आणणारी आणि अडल्या वेळी कांद्याच्या गोण्याही वाहणारी ही गाडी अनेक घरांत गोठ्यातील गाईसारखीच मायेची झाली.

आज दसऱ्याच्या मुहूर्तावर दारी नवी मोटार येते. मग जुनीचे काय करावे? विकावयास जावे तर मोल फारसे येत नाही. परसात उभी करावी तर उन्हापावसाने गंजते. अशा वेळी घरातील कोणी वडीलधारे म्हणतात, “एखाद्या आश्रमाला देऊन टाका.” विचार पुण्याचाच आहे. परंतु ‘देऊन टाकणे’ आणि ‘दान देणे’ यांत अंतर आहे, आणि सणाच्या दिवशी त्या अंतराचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

आपट्याच्या पानांची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघुराजापाशी मातीच्या पात्राखेरीज काही उरले नव्हते. तरीही गुरुदक्षिणेसाठी आलेल्या कौत्साला त्याने विन्मुख धाडले नाही. कठोपनिषदातही एक दाता आहे. वाजश्रवसाने आरंभिलेला यज्ञही विश्वजितच होता, असे भाष्यकार सांगतात. त्याने मात्र ज्यांचे गवत खाऊन झाले, पाणी पिऊन झाले, दूध देऊन झाले अशा भाकड गाई दक्षिणेत दिल्या. ते पाहून बालक नचिकेताचे मन व्यथित झाले. अशा दानाने पित्याला कोणता लोक मिळेल, ही त्याची चिंता होती. यज्ञ एकाच नावाचा, पण एकाने स्वतःला हवे होते ते दिले आणि दुसऱ्याने नको झाले ते दिले.

जुन्या गाडीच्या दानास हीच कसोटी लावावी. टायर झिजलेले, बॅटरी उतरलेली, विमा संपलेला आणि पर्यावरण कर थकलेला अशी गाडी संस्थेच्या दारात सोडून येणे म्हणजे भाकड गाय बांधून येणे होय. रोजच्या धान्याची जुळवाजुळव करणाऱ्या संस्थेला तिचा चारा, म्हणजे दुरुस्ती आणि इंधन, परवडावा कसा? दुधाची गाय द्यावयाची तर गाडी चालती असतानाच द्यावी. मेकॅनिककडून ब्रेक व इंजिन तपासून घ्यावे, टायर बदलावे आणि शक्य तर वर्षभराचा विमाही उतरवून द्यावा.

अशा गाडीची गरज किती खरी आहे, हे वाड्यावस्त्यांवर राहणारा माणूस जाणतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावते. पण ती तातडीच्या प्रसंगासाठी. आठवड्यातून दोन-तीनदा डायालिसिसला जाणारा रुग्ण, मोतीबिंदूच्या तपासणीसाठी निघालेली आजी, आश्रमातील आजारी मूल यांनी जावे कशाने? आपल्याच तालुक्यात वढू बुद्रुक येथे १९९७ साली सुरू झालेली ‘माहेर’ ही संस्था निराधार स्त्रिया व मुले यांना आसरा देते. असे काम करणाऱ्यांना गाडी लागते ती मिरविण्यासाठी नव्हे. मात्र देण्यापूर्वी संस्थेस विचारावे: गाडी हवी आहे काय, चालक आहे काय, खर्च पेलेल काय? नकार आला तर राग मानू नये. देश, काळ आणि पात्र पाहून दिलेल्या दानालाच गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक म्हटले आहे.

दानाचा संकल्प उदक सोडून पुरा होत असेल, पण गाडीचे दान कागदावरच पुरे होते. नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात मालकी बदलावी लागते. कर्जाचा बोजा असल्यास आधी उतरवावा लागतो. गाडी संस्थेच्या नावे करावी, एखाद्या विश्वस्ताच्या नावे नव्हे. हा सोपस्कार टाळून नुसत्या किल्ल्या दिल्या आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईचा दावा नोंदणीत ज्याचे नाव त्याच्यावर येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मुदत सरत आली असेल तर नूतनीकरण करूनच गाडी द्यावी. आणि गाडी खरोखरच थकली असेल, तर ती नोंदणीकृत भंगार केंद्राला देऊन आलेली रक्कम संस्थेला अर्पण करावी. त्यातही कमीपणा नाही. उलट तेच प्रामाणिक.

आणखी एक. वस्तुरूप दानाला आयकरात सवलत मिळत नाही. आम्हांस तर यात ईश्वरी योजनाच दिसते. ज्या दानाच्या बदल्यात काही पदरी पडत नाही, तेच निर्मळ राहते.

आज सायंकाळी सीमोल्लंघन होईल आणि आपण एकमेकांस आपट्याचे सोने देऊ. परसातील गाडीही कुणाचे तरी सोने होऊ शकते. मात्र तिचा हार उतरविण्यापूर्वी घरातील लहान मुलाला जवळ बोलवावे आणि विचारावे, “बाळ, आपण देतो आहोत ते देण्याजोगे आहे ना?” घराघरात एक नचिकेत असतो. त्याचे उत्तर ऐकावे, मग किल्ली हाती द्यावी.

आमच्या सर्व वाचकांस दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा!