‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम आटोपून वेळापूरला पोहोचते, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील या गावाची वस्ती एका दिवसात कितीतरी पटींनी वाढते. यादवकालीन अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे वेळापूर एरवी ऊसपट्ट्यातील एक मोठे गाव. परंतु वारीचा दिवस असो वा एखादा साधा सोमवार, अशा गावातील कारभार आता एका अदृश्य वाटेवर चालतो. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र, सातबारा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा व्यवहार या साऱ्यांना दूरच्या शहरातील सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी लागते. ती बंद पडली की गावोगावी एकच वाक्य ऐकू येते : ‘नेट गेले.’ रांगेतील माणसे परत जातात, शेतमजुराचा रोज बुडतो आणि काय बिघडले होते, हे अखेरपर्यंत कुणाला कळत नाही.

नेट जाण्याची कारणे ढोबळमानाने चार असतात. जमिनीखालची ऑप्टिकल फायबर केबल तुटते, यंत्राची वीज जाते, यंत्रच नादुरुस्त होते, किंवा यंत्र ठणठणीत असूनही त्याला दिलेली सूचना चुकते. पहिली तीन कारणे डोळ्यांना दिसतात. चौथे दिसत नाही, आणि मोठमोठी जाळी कोलमडली आहेत ती अनेकदा याच चौथ्या कारणाने.

वाटाड्याचे शहाणपण

हे यंत्र म्हणजे राउटर. इंटरनेटवरील प्रत्येक मजकूर छोट्या छोट्या पॅकेटांत विभागून जातो आणि प्रत्येक चौकात बसलेला राउटर त्या पॅकेटाला पुढची वाट दाखवतो. घरातल्या राउटरला बाहेर पडण्याची एकच वाट ठाऊक असते. सेवा पुरवठादार कंपनीच्या मुख्य राउटरला मात्र जगभरच्या वाटांची यादी सांभाळावी लागते. आज त्या यादीत नऊ लाखांहून अधिक नोंदी आहेत. कोणत्या शेजाऱ्याने सांगितलेली वाट खरी मानायची, कोणती नाकारायची, मुख्य वाट बंद पडल्यास कोठून वळायचे, हे सारे त्या राउटरमध्ये अभियंत्याने आधी लिहून ठेवावे लागते. या लिखाणाला कॉन्फिगरेशन म्हणतात. ते अनेकदा हजारो ओळींचे असते आणि त्यातील एक ओळ चुकली तरी राउटर ती चूक निमूटपणे अमलात आणतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, याचे धडे अलीकडच्या काळात मिळाले आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले, बाहेरच्या जगाला त्याच्याकडे जाणाऱ्या वाटाच दिसेनाशा झाल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपसह साऱ्या सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीत राउटरवरील एक गाळणी काढून टाकली गेली. वाटांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरवर आदळला आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा ठप्प झाली. तेथे दुरुस्तीसाठी राउटरपर्यंत पोहोचण्याचा मार्गही त्याच बंद पडलेल्या जाळ्यातून जात होता. त्यामुळे कारण सापडण्यातच चौदा तास गेले. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील ऑप्टसचे सुमारे ९० राउटर नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाटा आल्याने आपणहून जाळ्यापासून अलग झाले. सुरक्षेसाठी ठेवलेली मर्यादाच तेथे अपघाताचे कारण ठरली.

या तिन्ही घटना धनाढ्य कंपन्यांमध्ये आणि कुशल अभियंत्यांच्या हातून घडल्या. तेव्हा ग्रामीण जाळ्यात असे घडणारच नाही, असे मानण्याचे काहीही कारण नाही.

सरळ रेषेपासून वलयापर्यंत

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. सुरुवातीच्या टप्प्यांत गावापर्यंतची जोडणी बहुतांशी सरळ रेषेत होती. तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली केबल वाटेत एका ठिकाणी तुटली की पुढची गावे अंधारात जात. तो दोष ओळखून ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती वलयाकार रचनेने जोडण्याचे, तालुका व ग्रामपंचायत पातळीवर राउटर बसवण्याचे आणि दहा वर्षांच्या देखभालीचे उद्दिष्ट आहे. वलयाचा फायदा उघड आहे. एक बाजू तुटली तर राउटर क्षणार्धात वाहतूक दुसऱ्या बाजूने वळवतो.

पण हे घडण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली अट मातीतली आहे. वलयाच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या असतील तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात आणि वलय केवळ नकाशावर उरते. रस्त्याच्या एकाच कडेने सगळ्या केबली नेण्याचा मोह स्वस्ताईमुळे नेहमीच असतो. वेळापूरवरून जाणाऱ्या पालखी मार्गाच्या प्रमुख टप्प्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद होतो तेव्हा कडेची केबल उघडी पडते, हा देशभरचा अनुभव आहे. विनासमन्वय खोदकामामुळे दरवर्षी सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारनेच मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू करताना सांगितले होते.

दुसरी अट कॉन्फिगरेशनची. पर्यायी वाट अस्तित्वात असून चालत नाही. ती राउटरला माहीत असावी लागते आणि तिच्यावरून पूर्ण भार जातो की नाही, हे आधी तपासलेले असावे लागते. एक नेहमीचा बिघाड येथे बोलका आहे. वाहतूक दुसऱ्या वाटेवर वळते, पण त्या वाटेवरील एखाद्या राउटरवर पॅकेटाच्या आकाराची मर्यादा थोडी कमी ठेवलेली असते. मग छोटा चाचणी संदेश व्यवस्थित जाऊन परत येतो, देखरेख कक्षातील पडद्यावर सारे हिरवे दिसते. गावात मात्र बँकेचे पान उघडत नाही. कक्ष म्हणतो नेट चालू आहे, गाव म्हणते बंद आहे, आणि दोघेही आपापल्या परीने खरेच सांगत असतात.

अशा वेळी शिस्तबद्ध तपासणीला पर्याय नसतो. आधी वीज आणि बॅटरी, मग फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता, मग शेजारच्या राउटरशी जुळलेला संवाद, त्यानंतर वाटांची यादी आणि शेवटी मोठ्या पॅकेटाची चाचणी, या क्रमाने एकेक शक्यता वगळत जावे लागते. क्रम सोडून राउटर बंद-चालू करण्याने कधी बिघाड तात्पुरता लपतो, पण कारणाचा पुरावा पुसला जातो आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवतो.

मोजमापाबाहेरचे गाव

प्रश्न केवळ तंत्राचा नाही, उत्तरदायित्वाचाही आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम जारी केले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. सेवा चार तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास कंपनीने ते चोवीस तासांत प्राधिकरणाला कळवावे, आणि बंद चोवीस तासांहून लांबल्यास ग्राहकांना सवलत वा मुदतवाढ द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्हच म्हटले पाहिजे. मात्र या तरतुदीचे माप जिल्हा हे आहे. सोलापूर जिल्हा सुरू असेल आणि त्यातले एखादे गाव दोन दिवस बंद असेल, तर ती ‘मोठी खंडितता’ ठरत नाही. ज्याची नोंद होत नाही, त्याच्या दुरुस्तीची घाईही कुणाला नसते.

यावरचे उपाय फार खर्चिक नाहीत. ग्रामपंचायतीच्या राउटरवर सेवा कधी बंद झाली आणि कधी सुरू झाली, याची नोंद आपोआप होऊ शकते. ती तालुकानिहाय जाहीर करण्यात अडचण नसावी. वलयाच्या दोन बाजू प्रत्यक्षात कोणत्या रस्त्यांनी जातात, याची पडताळणी ठेकेदाराचे देयक चुकते करण्यापूर्वी व्हावी. आषाढी वारीआधी आरोग्य आणि पाणीपुरवठ्याची पूर्वतयारी होते, तशीच एक बाजू मुद्दाम बंद करून दुसरी भार पेलते का, याची चाचणी घेता येईल. नव्या सूचना ठरावीक मिनिटांत अभियंत्याने पक्क्या केल्या नाहीत तर राउटरने जुन्या स्थितीत परतावे, ही सोय अनेक राउटरमध्ये आज उपलब्ध आहे; तिचा वापर करारातच बंधनकारक करावा. आणि तालुक्याच्या ठिकाणी फायबर जोडण्याबरोबरच राउटरची भाषा जाणणारे तंत्रज्ञ हवेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून असे मनुष्यबळ घडवणे अशक्य नाही.

केबल किती किलोमीटर टाकली, हा आकडा उद्घाटनाच्या फलकावर शोभतो. जाळ्याची खरी परीक्षा मात्र ते तुटते त्या दिवशी होते. रेशनच्या रांगेतील माणसाला त्या दिवशी धान्य मिळाले की ‘उद्या या’ हे उत्तर मिळाले, यावर या योजनेचे यशापयश मोजले गेले पाहिजे.