मामाजी, गोल्फ कुठं खेळू?

या आठवड्यात मी सोयाबीनवर लिहिणार होतो. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आंजीच्या शिवारात पिवळा मोझॅक शिरला आहे आणि त्यावर चार कडक वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला आणि सोयाबीन राहून गेलं. नेहमीच्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही. या सदरात ज्या विषयानं सुरुवात होते तो शेवटपर्यंत टिकल्याचं मला तरी आठवत नाही.

"मामाजी, दिवाळीत मॉरिशसले चाललो."

"जाय ना बाप्पा. लेकरं समुद्र पाहतीन."

"लेकरं पाहतीन समुद्र. मी गोल्फ खेळीन. पण कोनत्या मैदानावर खेळू, थे ठरून नाही राह्यलं. तुमी सांगा."

मी सांगायचं! गोल्फची काठी मी टीव्हीवरच पाहिलेली, तीही चॅनेल बदलता बदलता. पण पेपरात लिहिणाऱ्या माणसाला सगळं कळतं, असा आमच्या गोतावळ्यात पक्का समज आहे. लग्नाचा मुहूर्त, बोअरची जागा, गुडघ्याचं ऑपरेशन, कशालाही माझा सल्ला लागतो. ऐकत कुणी नाही, ती गोष्ट वेगळी.

भाचा आयटीत आहे. त्याचा साहेब गोल्फ खेळतो. साहेबाचा साहेब खेळतो म्हणून साहेब खेळतो, आणि आता हाही दर रविवारी पहाटे उठून शिकायला जातो. हाच पोरगा लहानपणी सुट्टीत आंजीला आला की धुऱ्यापर्यंत पायी चल म्हटलं तर भोकाड पसरायचा. आता आठ-दहा किलोमीटर उन्हात चालण्यासाठी पैसे भरतो. वर सांगतो कसा, "मामाजी, मन शांत होते."

माहिती एका दमात सांगून टाकतो, म्हणजे तिच्यातून मोकळं होता येईल. मॉरिशसमध्ये अठरा होलची मोठी मैदानं दहाच्या आसपास आहेत. पूर्व किनाऱ्याजवळच्या ईल ओ सेर या चिमुकल्या बेटावरचं मैदान जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांनी आखलं आणि ते २००३मध्ये खुलं झालं. तिथं होडीनं जावं लागतं. त्याच बाजूला अनाहिता आहे, दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्स यांनी आखलेलं, २००८चं. दक्षिणेला बेल ओंब्र इथं हेरिटेजचं मैदान आहे. २०१५मध्ये पहिली मॉरिशस ओपन स्पर्धा तिथंच झाली, आणि २०२३मध्ये शेजारी दुसरं मैदानही झालं. नैर्ऋत्येला ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशी एक, पश्चिमेला तामारिनजवळ एक. आणि मधल्या पठारावर, वाकोआ गावात, १८४४ साली इंग्रजांनी काढलेला जिमखाना क्लब. दिवाळीच्या सुमारास तिकडं उन्हाळा नुकता सुरू होतो. वादळांचे मुख्य महिने जानेवारी ते मार्च. झालं.

भाच्यानं या सगळ्यांचा तक्ता करून पाठवला होता. हिरवळीची प्रत, समुद्राचा देखावा, क्लब हाउस, जेवण, फी, असे रकाने आणि प्रत्येकाला गुण. पोरगी पाहायला जातानाही आमच्या काळी एवढे रकाने नव्हते. सुट्टीत माणसानं डोकं बाजूला ठेवावं म्हणतात. यानं ते एक्सेलमध्ये घातलं.

आता मला एकट्याला हा भार पेलवेना, म्हणून तक्ता घेऊन सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात गेलो. तर्रीपोह्यांच्या त्या टेबलावर आंजीतले सर्व प्रश्न सुटतात, फक्त अंमलबजावणी तेवढी राहते. आमचे गुरुजी होतेच. त्यांनी चष्मा वर करून ईल ओ सेरचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

"हे चहूकडून पानी. मंग चेंडू पान्यात नाही जात काय?"

"जाते ना. लई जाते म्हणे."

"मंग?"

"मंग दुसरा घ्यायचा."

"म्हणजे होडीत बसून जायचं, पैसे भरायचे आन् समुद्रात चेंडू फेकून परत यायचं," गुरुजी म्हणाले. "त्यापेक्षा पोराले म्हणा, पैसेच फेक. चालणं तरी वाचंल."

फवारणीचा पंप पाठीला लावून निघालेला एक गडी चहासाठी थांबला होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "एवढ्या गवताले पानी कोण देते?" साऱ्या टेबलावर हा एकच प्रश्न शहाण्यासारखा निघाला. अठरा होलच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर जमीन सहज लागते, आणि उष्ण मुलखात ती हिरवी ठेवायची म्हणजे रोज लाखो लिटर पाण्याची गोष्ट. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला तेरेखोल आहे. तिथल्या कुळांनी आपल्या काजूच्या बागायतीवर गोल्फचं मैदान नको म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, यंत्रं गावात आली तेव्हा ती अडवली. त्या लोकांना खेळाचा राग नव्हता. आपली जमीन आणि आपलं पाणी कुठं जाणार, एवढंच ते विचारत होते.

घरी आलो तर घरच्यांनी विचारलं, "अजी, मॉरिशस केवढं आहे?" साधा प्रश्न, पण तक्त्यात त्याचा रकाना नव्हता. पाहिलं तर मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. आपला वर्धा जिल्हा ६,३०० चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे आपल्या जिल्ह्यात तीन मॉरिशस मावतील आणि वर थोडी जागा उरेल. लोकसंख्या म्हणाल तर २०११च्या जनगणनेत जिल्हा तेरा लाखांचा, आणि तो अख्खा देश साडेबारा लाखांच्या घरात. त्यांना पंतप्रधान, राष्ट्रपती, विमान कंपनी. आपल्याला पालकमंत्री, तेही बहुतेकदा बाहेरचे. हे वाचून मला उगाचच दोन तास वाईट वाटलं.

मग पुढं वाचत गेलो, आणि गोल्फ तिथंच सुटलं.

त्या बेटावर आधी होता तो ऊस. १८३५मध्ये तिथली गुलामी कायद्यानं संपली. ती संपणार हे आधीच दिसत होतं. मळेवाल्यांना मजूर हवे होते, ते त्यांनी हिंदुस्थानातून आणले. कलकत्त्याहून निघालेलं अ‍ॅटलस नावाचं जहाज छत्तीस मजूर घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागलं. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर माणसं करारावर त्या बेटावर उतरली. बिहार आणि मद्रास इलाख्यातली जास्त, पण मुंबई बंदरातून मराठी माणसंही गेली. रत्नागिरीची, साताऱ्याची, घाटावरची आणि घाटाखालची. बंदरावर उतरून ज्या सोळा पायऱ्या चढून ती माणसं आत गेली, त्या पायऱ्या अजून आहेत. जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. ल मोर्नचा डोंगरही २००८पासून वारसास्थळ आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपून राहत. भाच्याच्या तक्त्यात तोच डोंगर "देखावा: दहापैकी नऊ" असा होता. एक गुण कशाचा कापला, ते विचारायला हवं.

आणि मैदानं कुठून आली? बेल ओंब्र ही उसाचीच मोठी इस्टेट होती. युरोपनं या बेटाच्या साखरेला वर्षानुवर्षं ठरलेला चढा भाव दिला. २००६नंतर तो ३६ टक्क्यांनी उतरवला. इस्टेटवाल्यांनी हिशेब मांडला. उसापेक्षा बंगले बरे, आणि बंगल्यांसमोर गोल्फ असेल तर आणखी बरे. जिथं कोयता चालायचा तिथं आता काठी चालते. भाव पडला की जमिनीचं सोंग बदलतं, हे आंजीच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडं कापसाचा भाव पडला की शेतात चुन्याच्या रेघा पडतात, सिमेंटचे खांब उभे राहतात आणि फलक लागतो: ले-आउट. त्यांना निदान हिरवळ तरी मिळाली.

त्या मजुरांची नातवंडं-पतवंडं आज शिक्षक आहेत, वकील आहेत, मंत्री झालेली आहेत. तिथल्या शाळांत मराठी हा विषय आहे. कोकणातल्या जाखडीशी नातं सांगणारी झाकरी ते आजही सणावाराला नाचतात. घरात बोलणं क्रिओलमधून, शाळा इंग्रजी-फ्रेंचमधून, आणि आरती मराठीत. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात एका मराठी कुटुंबानं १८९६मध्ये गणपती बसवला. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. हे कास्कावेल तामारिनच्या गोल्फ मैदानापासून फार लांब नाही. तक्त्यात मात्र तामारिनसमोर लिहिलं होतं: "आजूबाजूला पाहण्यासारखं विशेष काही नाही."

हे वाचून मी भाच्याला फोन लावला आणि जरा आवाज चढवला. सेवाग्रामच्या जिल्ह्यातला माणूस तू, तुला ठाऊक आहे काय, की बापू १९०१मध्ये आफ्रिकेतून परत येताना याच बेटावर उतरले होते? जहाज थांबलं म्हणून थांबले, आणि त्या दिवसांत मजुरांना सांगून गेले की पोरांना शिकवा आणि राजकारणात पडा. पुढं १९०७मध्ये त्यांच्या सांगण्यावरून वकील मणिलाल डॉक्टर तिथं गेले, मजुरांचे खटले लढले. १९६८मध्ये त्या देशानं स्वातंत्र्यासाठी तारीख निवडली ती १२ मार्च, दांडीयात्रा निघाली तो दिवस. त्या यात्रेला निघालेला माणूस साबरमतीला राहायला परतलाच नाही. १९३६मध्ये तो आपल्या इथं, तेव्हाच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, झोपडी बांधून राहिला. आंजीहून वर्ध्याला बाजाराला जाणारा माणूस आणखी थोडं पुढं गेला तर ती झोपडी पाहून येतो. आणि तू मला विचारतो, क्लब हाउस कोणाचं चांगलं!

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मामाजी, हे सगळं बरोबर. पण टी-टाइम, म्हणजे खेळाची वेळ, बुक करावी लागते. खेळू कुठं?"

पोरगा वाया गेलेला नाही, मुद्द्याचा आहे. म्हणून निकाल देऊन टाकतो, म्हणजे मॉरिशसला निघालेल्या इतर वाचकांचीही सोय होईल. बंगल्यांपुढच्या मैदानांवर पैसे घालवायचे असतील तर एकच निवडा, बेल ओंब्र, कारण तिथं ऊस कुठं होता आणि गवत कुठं आलं ते शेजारी शेजारी पाहायला मिळतं. ईल ओ सेरला लेकरांना घेऊन होडीतून जा आणि चेंडू खिशातच ठेवा. खरं खेळायचं असेल तर वाकोआ. ते पठारावर आहे, हवा थंड, समुद्राचा देखावा नाही, त्यामुळं लक्ष चेंडूवर राहतं. साहेब लोकांनी साहेब लोकांसाठी काढलेला क्लब आहे, तिथं आंजीच्या पोरानं एक सकाळ चार चेंडू मारून यायलाच पाहिजे. एक सकाळ पुरे. उरलेल्या वेळात आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आणि कास्कावेल. आणि दिवाळीऐवजी गणपतीत रजा मिळत असेल तर तेव्हाच जा, बाकीचा तक्ता फाडून टाका.

शेवटचं एक काम आहे आणि ते सर्वांसाठी. गोल्फच्या नियमात पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. कमीत कमी किती, असा नियम नाही. तेव्हा सात न्या. उरलेल्या जागेत लहान मुलांची मराठी गोष्टींची पुस्तकं भरा आणि तिथल्या मराठी शिकवणाऱ्या एखाद्या शाळेत देऊन या. पुस्तकं ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी ती आंजीला माझ्याकडं आणून द्यावीत. भाचा निघायच्या आधी मी ती पुण्याला पोचवीन. सोयाबीन पुढच्या आठवड्यात.