बचत शिकवता, मालकी कधी शिकवणार?

शाळेत मुलामुलींना पैशाचे शिक्षण द्यायला हवे, असे आता सगळेच म्हणू लागले आहेत. रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व पेन्शन क्षेत्रांतल्या नियामक संस्थांनी मिळून त्यासाठी राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्रही उभे केले आहे. या शिक्षणाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपले भांडण आहे ते त्यातल्या गृहीतकांशी.

नेहमीचा धडा आठवून पाहा. खाऊचे पैसे वाचवा, खात्यात टाका, गरज आणि चैन यांतला फरक ओळखा. जिला खाऊचे पैसे मिळतच नाहीत, त्या मुलीने या धड्यात स्वतःला कुठे शोधायचे? ‘घरचे मासिक उत्पन्न लिहून आणा’ असा गृहपाठ दिला, की जिची आई एकटीने घर चालवते, जिचा बाप मजुरी दारूत उडवतो, तिला चारचौघांत आपले घर उघडे करावे लागते. आपण गरीब आहोत ते उधळेपणामुळे, असे तिच्या मनावर बिंबते. हे साफ खोटे आहे.

बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचेच घ्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतो बहुधा नवरा, फेडायची मात्र दोघांनी. मजुरी टनावर, आणि एक दिवस चुकला की खाडा. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते, पण तिच्या मजुरीचा वेगळा आकडा त्या हिशेबात सहसा नसतोच. या घरातल्या मुलीला काटकसरीचे धडे देऊन काय साधणार? तिला उचलीचा हिशेब मांडता आला पाहिजे: किती टन तोडले, दर काय, खाड्यापोटी किती गेले, फिटले किती, आईचा वाटा किती. गणित साध्या गुणाकार-वजाबाकीचे आहे. ते वर्गात का येऊ नये?

मालकीचेही तेच. २०१५ साली आलेल्या सुकन्या समृद्धी योजनेत मुलीच्या नावाने बचत होते, ही चांगलीच गोष्ट. पण अठरा वर्षांनंतर ते खाते मुदतीआधी बंद करायला तिचे लग्न हे मान्य कारण आहे. मुलीचा पैसा शेवटी लग्नासाठीच, ही समजूत सरकारी नियमातही शिरली आहे. उलट, हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो आणखी स्पष्ट केला. तरीही माहेर तुटेल या भीतीने बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. बँकेची स्लिप भरायला शिकवणाऱ्या धड्याने सातबारा वाचायलाही शिकवले पाहिजे. सही करण्याआधी कागद वाचणे हेही पैशाचेच शिक्षण आहे.

आणि बिनपैशाच्या कामाचे काय? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. ‘आई काही करत नाही, घरीच असते’ असे लिहिणाऱ्या मुलाला हा हिशेब कोण शिकवणार?

‘एवढ्या लहान वयात हे वाद कशाला?’ असे म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, मुलगे काय शिकतात? पाकीट बाबांचे आणि डब्यातली चिल्लर आईची, हे ते घरात रोज पाहतात. तो धडा कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय पाठ होतो. म्हणून हे शिक्षण मुलग्यांना तर आधी हवे.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या वस्तीतल्या, गावातल्या शाळेत जाऊया. पैशावरचे धडे मागून वाचूया. कोणाही मुलाला घरचे उत्पन्न वर्गात सांगायला लावू नये, उदाहरणे काल्पनिक घरांची घ्यावीत, असा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीत धरूया. त्या काल्पनिक घरांत एकटी बाई असावी, अपंग कमावती असावी, भाड्याच्या खोलीतले मजूर असावेत. बचत गट चालवणारी, कर्जाचे हप्ते तोंडपाठ असणारी बाई पाहुणी म्हणून वर्गात बोलवायला लावूया. फळ्यावर हिशेब मांडायला तिच्याइतकी जाणकार दुसरी कोण मिळणार?