चीक ठेवला, चोथा टाकला

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटायचा, पिळायचा आणि चीक गाळून घ्यायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. उरलेल्या चोथ्याच्या काटकसरी घरांत भुसवड्या होतात, एरवी तो टाकला जातो. गव्हाचे चिवट प्रथिन, म्हणजे ग्लूटेन, नेमके त्या चोथ्यात असते. चीनमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांनी शतकानुशतके उलटे केले: ग्लूटेन ठेवले आणि मांसाच्या जागी वाढले. इतके लांब जायलाही नको. राजस्थानातल्या 'चक्की की सब्जी'त कणीक धुऊन उरलेला गोळाच शिजवून, तळून रश्श्यात सोडतात.

श्रावण लागला की लालबाग-परळच्या मालवणी खानावळींना काळ्या वाटाण्याचे सांबारे, सुरणाचे काप आणि सोयावड्या आठवतात. सांबारे-वड्यांना तोड नाही, त्यांना कुणाची बदली म्हणून उभे करायची गरजही नाही. सोयावडीबद्दल मात्र आमचे मत फारसे बरे नाही. ती रस्सा पिते आणि दाताखाली स्पंजासारखी दबते. ग्लूटेनला दात लावावा लागतो. गिऱ्हाईक महिनाभर मुकते ते या चावण्याला. चव तर बरीचशी वाटणातच असते. मिरची गल्लीतून कुटून आणलेला मसाला आणि भाजलेले कांदा-खोबरे श्रावणातही तेच राहते.

पद्धत सोपी, पण घाई चालत नाही. किलोभर मैदा घट्ट मळून तासभर पाण्यात बुडवावा आणि त्याच पाण्यात चुरायला घ्यावा. पाणी पांढरेफेक होते, मधेच गोळा फाटून चिंध्या होतात आणि सगळा मैदा वाहून चालला असे वाटते. पुष्कळ जण इथेच हात टेकतात. चाळणीवर धरून आणखी तीन-चार पाण्यांत चोळले की त्याच चिंध्या एकमेकींना धरू लागतात. पाव किलोच्या आसपास ओला गोळा हाती येतो, त्यातला दोनतृतीयांश भाग पाणीच. कुरडयांचा चोथा मात्र याला वापरू नका. तीन दिवसांच्या आंबण्यात ग्लूटेनची ओढ गेलेली असते आणि कोंडा त्यातून सुटत नाही.

खरी चूक होते ती शिजवताना. खळखळत्या पाण्यात गोळा फुगतो आणि आतून पोकळ होतो. आले, लसूण आणि खड्या मसाल्याच्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास ठेवा, रात्रभर फ्रिजमध्ये विसावू द्या, दुसऱ्या दिवशी सुरी न लावता हाताने फाडा. खडबडीत कडांना वाटण धरते. मग तेलावर लालसर परतूनच रश्श्यात घाला. याला स्वतःची चरबी नाही, त्यामुळे तर्रीत हात आखडता घेतलात तर ते कोरडेच लागणार. तयार ग्लूटेन पूड वापरणाऱ्यांनी शंभर ग्रॅमला पंधरा-वीस ग्रॅम बेसन मिसळावे. रबरीपणा उतरतो आणि गव्हात कमी असलेले लायसिन थोडे भरून निघते.

धुतलेले पाणी मोरीत ओतू नका. काही तासांत तळाशी चीक बसतो, तो हलव्याला चालतो. मुंबईच्या हवेत हे पाणी लवकर आंबते, तेव्हा पातेले फ्रिजमध्येच ठेवा. जागा नसेल तर पूड आणलेली बरी.

फळ्यावर 'व्हेज मटण' लिहू नये, असे आम्हाला वाटते. मटण खाणाऱ्याची त्याने फसगत होते आणि माळकऱ्याचे ते नाव वाचूनच मन उडते. 'गव्हाच्या वड्यांचा मालवणी रस्सा' एवढे पुरे. त्यात गहू आला हेही बरेच, कारण सीलिअॅकच्या रुग्णाला हा पदार्थ अजिबात चालत नाही. पाकीटबंद मालावर ग्लूटेनयुक्त धान्याची नोंद सक्तीची आहे. फळ्यावर ती आपणच करायची. अशा गिऱ्हाइकाला वड्या बाजूला काढून नुसता रस्सा वाढला तरी तो बाधतो, हे वाढप्याला आधीच सांगून ठेवा.